सहा नंबरचा महामार्ग आणि खानदेश

सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूरपाशी महाराष्ट्रात येतो. नंदुरबार, धुळे आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडून तो मुक्ताईनगरच्या पुढे मलकापूरकडे, म्हणजे विदर्भात उतरतो. पुढे अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर करत तो ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. २०१० साली देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम क्रमांक द्यायचे, असा त्यामागचा नियम होता. त्यात जुन्या सहाचा त्रेपन्न झाला. त्याला धुळ्यात छेदणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाचा जुना क्रमांक ३ होता. त्याचेही तुकडे झाले: इंदूर ते धुळे ५२ आणि धुळे ते नाशिक ६०. पाट्या बदलून बरीच वर्षे लोटली, तरी एरंडोल-पारोळ्याकडे हा रस्ता आजही ‘सहा नंबर’च आहे आणि धुळेकरांचा आग्रा रोड आग्रा रोडच आहे.

हे दोन रस्ते इथे का आले, हे जमिनीच्या ठेवणीवरून कळते. खानदेश म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेला सह्याद्रीचे उत्तर टोक आहे. मधली जमीन सपाट, काळी आणि कापसाची. गुजरातच्या बंदरांतून वऱ्हाडाकडे किंवा उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्याला यापेक्षा सोपी वाट नाही. उत्तरेकडे सातपुडा ओलांडायला दोन दरवाजे आहेत. एक सेंधव्याजवळचा बिजासन घाट आणि दुसरी बऱ्हाणपूरच्या वरची, असीरगडाच्या पहाऱ्यातली खिंड. दक्षिणेकडे कन्नडचा आणि अजिंठ्याचा घाट आहे. या चार-पाच खिंडींना जोडणाऱ्या रेषा नकाशावर ओढल्या की खानदेशातले जवळजवळ सगळे मोठे रस्ते तयार होतात. वाट कुठून जाणार हे भूगोलाने ठरवले. मात्र खोऱ्यातल्या कोणत्या गावाला तिचा लाभ मिळणार, हे प्रत्येक काळात राज्यकर्त्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ठरवले, आणि खानदेशच्या रस्त्यांचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

भडोच बंदरातून पैठण आणि तेरकडे जाणाऱ्या मालवाहतुकीची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. हा मार्ग सातमाळ्याच्या खिंडींतून वर चढत असणार, असे अभ्यासक मानतात. कन्नड घाटाजवळची पितळखोऱ्याची आणि पूर्वेकडची अजिंठ्याची लेणी नेमकी या चढावांच्या आसपास आहेत. पितळखोऱ्याच्या एका खांबावर प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, एका गंधिकाच्या दानाचा लेख आहे. अत्तराच्या व्यापाऱ्याने डोंगरातल्या विहाराला खांब दिला, याचा अर्थ ती वाट त्याच्या रोजच्या धंद्याची होती. वाटेचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडतो.

मध्ययुगात फारुकी सुलतानांनी आपली गादी प्रथम तापीकाठच्या थाळनेरला मांडली आणि पुढे इ.स. १४००च्या सुमारास बऱ्हाणपूर वसवले. मोगलांनी खानदेश घेतल्यावर सुरत-बऱ्हाणपूर-आग्रा ही साम्राज्याची मोठी व्यापारवाट झाली. त्या काळातली तिची वळणे आज चक्रावून टाकतात. नवापूरवरून ती नंदुरबारला जाई, मग तापी ओलांडून थाळनेर, चोपडा असे करत उत्तरेच्या काठाने बऱ्हाणपूर गाठी. आजचे धुळे आणि जळगाव तिच्यावर नव्हते. इंग्रज राजदूत सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरला पोहोचला आणि तिथे शाहजादा परवेझला भेटला. १६३०च्या दुष्काळात याच रस्त्याने गेलेल्या पीटर मंडीने वाटेवर आणि गावांच्या वेशीत पडलेल्या प्रेतांची वर्णने लिहून ठेवली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याला मात्र नवापूरचा तांदूळ लक्षात राहिला. तो बारीक दाण्याचा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीचा वास येणारा असून हिंदुस्थानातले उमराव दुसरा खात नाहीत, असे त्याने नोंदले आहे. नवापूरच्या रंगावलीकाठी आजही भात पिकतो.

या वाटेच्या आसपासची गावे कापडावर जगत. १६७०च्या दशकात धरणगावला इंग्रजांची वखार होती, ती कापडासाठीच, आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांत ती लुटली गेली. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले, तेव्हा मोगलांच्या या व्यापारवाटेचे टोकच हादरले. अठराव्या शतकात वाटेला दिशा बदलावी लागली. पुण्याहून माळव्याकडे आणि दिल्लीकडे मराठ्यांच्या फौजा जाऊ लागल्या. होळकरांचा मुलूख सातपुड्याच्या दोन्ही अंगांना होता. त्यामुळे पूर्व-पश्चिम वाटेइतकीच दक्षिणोत्तर वाटही वाहती झाली. पारोळ्याचा भुईकोट याच शतकातला. तो बांधणाऱ्या घराण्याचा संबंध पुढे झाशीच्या नेवाळकरांशी सांगितला जातो. शतकाच्या अखेरीस आणि पुढच्या शतकाच्या आरंभी मात्र पेंढाऱ्यांच्या धाडी, १८०३ चा दुष्काळ आणि भिल्लांचे उठाव यांनी खानदेश उजाड झाला आणि वाटांवर काफिल्याशिवाय पाऊल टाकणे अवघड झाले.

इंग्रजी अंमल इथे रक्तपातानेच सुरू झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल हिस्लॉपच्या फौजेने थाळनेरचा किल्ला घेतला, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिले. तापीकाठच्या जुन्या राजधानीचा राजकीय अध्याय तिथे संपला. त्याच वर्षी खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. त्याने मुख्य ठाणे म्हणून थाळनेर, नंदुरबार किंवा एरंडोल यांपैकी एकही जुने गाव घेतले नाही. त्याने पांझरेच्या काठचे तोवर लहानच असलेले धुळे निवडले. जिल्ह्याच्या मधोमध असणे आणि पुण्याहून हिंदुस्थानात जाणाऱ्या रस्त्यावर असणे, ही त्यामागची कारणे. व्यापारी आणि कारागीर बोलावून त्याने आखीव पेठ वसवली. धुळ्यातल्या गल्ल्या आजही नावांऐवजी नंबरांनी ओळखल्या जातात. महाराष्ट्रातल्या जुन्या शहरांत हे विरळाच. ब्रिग्जच्या या निर्णयाला खानदेशच्या रस्त्यांच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना म्हणावे लागेल, कारण पुढचा प्रत्येक मोठा रस्ता धुळ्याला धरूनच आखला गेला.

रस्ते सुरक्षित करणे हे नव्या सरकारचे पहिले काम होते. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. घाटांत लुटणारे आणि घाटांची राखण करणारे हात बऱ्याच अंशी एकच होते, हे त्याने ओळखले होते. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला त्याचे नाव कायमचे चिकटले. रस्तेबांधणी मात्र सावकाश झाली. मुंबई-आग्रा ट्रंक रोड हा खानदेशातला पहिला पक्का मोठा रस्ता. मालेगाव-झोडग्याकडून तो लळिंगच्या खिंडीतून धुळ्यात उतरे, पांझरा ओलांडून सोनगीर, नरडाणा करत सावळद्याला तापीवर येई आणि शिरपूर, पळासनेरवरून बिजासन घाट चढे. सावळद्याला तेव्हा पूल नव्हता, माणसे आणि गाड्या नावेतून पलीकडे जात. लळिंगचा फारुकीकालीन किल्ला आजही महामार्गाच्या कडेला उभा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुक्कामामुळे प्रसिद्ध झालेला लांडोर बंगलाही तिथेच आहे.

पूर्वेकडचा रस्ता, म्हणजे आजच्या सहा नंबरचा धुळे-जळगाव भाग, कापसाने बांधला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोहोचली. तिथून एक फाटा खंडव्याकडे आणि दुसरा वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला गेला. गिरणेच्या खोऱ्यातून गेलेल्या या लोहमार्गाने धुळ्याला बाजूला टाकले. जिल्ह्याचे ठाणे आग्रा रोडवर आणि रेल्वे पन्नास-साठ किलोमीटर लांब, अशी अवस्था झाली. मग धुळ्याचा कापूस बैलगाड्यांतून पारोळा-एरंडोलवरून म्हसावद स्थानकाकडे जाऊ लागला आणि त्या गाडीरस्त्याला खडी मिळाली. पुढे ज्याला राष्ट्रीय महामार्ग म्हटले गेले, त्याचा मोठा भाग मुळात रेल्वेला माल पोहोचवणारा पूरक रस्ता होता.

कापसाच्या तेजीने सर्वाधिक उचलले जळगावला. जुन्या काळात त्याहून एरंडोल मोठे आणि धरणगाव नावाजलेले होते. पण स्थानक, बाजार आणि १८७०च्या दशकात आलेली खानदेश मिल यांनी पारडे फिरवले. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे जळगाव झाले आणि पश्चिम खानदेशचे धुळेच राहिले. १९०० च्या सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यातून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरमार्गे रेल्वे आली, चाळीसगाव-धुळे फाटाही तेव्हाचाच. त्यानंतर अर्धशतक रस्त्यांचा वाटा दुय्यम राहिला. लांबचा माल रेल्वेने आणि जवळचा बैलगाडीने, अशी विभागणी होती. त्या काळातली एक घटना मात्र रस्त्यावरचीच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीने निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटला. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हे सातारच्या प्रतिसरकारातले नेते त्यात होते.

‘राष्ट्रीय महामार्ग’ ही कोटी १९४३ च्या डिसेंबरात नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली. तिथे आखलेला आराखडा नागपूर योजना म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड त्यातूनच आली. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या परिशिष्टात क्रमांक ६ चे वर्णन असे आहे: धुळ्याजवळ महामार्ग क्रमांक ३ ला मिळणारा आणि नागपूर, रायपूर, संबलपूर, बहारागोडा, कलकत्ता यांना जोडणारा रस्ता. सुरतेचे नाव त्यात नाही, ते नंतर जोडले गेले. म्हणजे मूळ कल्पना मुंबई-कलकत्ता रस्त्याची होती. मुंबईहून आग्रा रोडने धुळ्यापर्यंत यायचे आणि तिथून उजवीकडे वळायचे. कलकत्त्याला जाणाऱ्या महामार्गाचा आरंभ कायद्याच्या पुस्तकात धुळ्याला होता, ही गोष्ट आता धुळ्यातही फारशी कोणाला ठाऊक नाही. पुढे हजिरा आणि सुरत जोडल्यावर रस्त्याला बंदर मिळाले. आशियाई महामार्गांच्या जाळ्यात तो ४६ क्रमांकाचा आणि मुंबई-आग्रा ४७ क्रमांकाचा. या दोन्हींची फुली धुळ्यातच पडते.

आजचा मार्ग पश्चिमेकडून पाहत जावा. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, रस्त्याची हद्दही त्याच्या जवळपासच लागते. विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट सुरू होतो. सह्याद्रीचे हे शेवटचे उंचवटे उंचीने किरकोळ, पण वळणांनी कठीण आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरतेकडे निघालेली खासगी बस इथे पुलावरून कोसळून पाच प्रवासी दगावले. घाट उतरला की दहिवेल आणि मग कान नदीकाठचे साक्री येते. उत्तरेला ब्राह्मणवेल-छडवेल परिसरातल्या पवनचक्क्या दिसू लागतात. पाऊस इथून झपाट्याने कमी होतो. भात मागे राहतो आणि बाजरी, कापूस, कांदा सुरू होतो. नेर आणि कुसुंब्यावरून रस्ता धुळ्याला येतो. जुनी वाहतूक शहरातून, पाचकंदिलाच्या गर्दीजवळून जाई, आता ती वळणरस्त्याने बाहेरून निघते.

धुळ्यानंतर फागणे, मुकटी, पारोळा आणि एरंडोल. रस्ता दक्षिणेकडून तापीला मिळणाऱ्या नद्या एकापाठोपाठ एक ओलांडतो. बोरी, एरंडोलला अंजनी, बांभोरीला गिरणा, साकेगावला वाघूर. रस्ता तापीला समांतर असल्यामुळे तिच्या प्रत्येक दक्षिण उपनदीवर पूल लागतो आणि एका पुलाचे काम रखडले की सगळ्या मार्गाची गती तीच होते. गिरणेच्या अलीकडे बांभोरीला ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे मोठे कारखाने आणि उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. पुढे जळगाव, नशिराबाद, भुसावळ, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी आणि मुक्ताईनगर. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. तिथून बऱ्हाणपूरचा फाटा उत्तरेला जातो आणि मोगलांच्या जुन्या वाटेला मिळतो. महामार्ग चिखलीवरून मलकापूरची वाट धरतो. ही चिखली सीमेवरचे लहान गाव, बुलढाण्याचे तालुक्याचे ठिकाण नव्हे. निविदांच्या कागदांत ‘चिखली-तरसोद’ असे वाचून अनेकांचा गोंधळ उडतो, म्हणून हा खुलासा.

या रस्त्यावर काय वाहते, हेही पाहायला हवे. हजिऱ्याहून लोखंड, रसायने आणि इंधन पूर्वेकडे जाते. छत्तीसगड-ओडिशातून पोलाद आणि सिमेंट पश्चिमेकडे येते. यातले बहुतेक ट्रक खानदेशात चहा आणि टायर-पंक्चरपुरते थांबतात. खानदेशचा स्वतःचा माल म्हणजे कापूस, कांदा, मका आणि केळी. रावेर, यावल, चोपड्याची केळी उत्तर भारतात जाते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण केळीचा पट्टा तापीच्या उत्तरेला आणि महामार्ग दक्षिणेला. केळीचे ट्रक आजही मुख्यतः अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने, म्हणजे ताव्हर्निएच्या वाटेच्या आसपासनेच निघतात. तो रस्ता कित्येक ठिकाणी दोन ट्रक जेमतेम निघतील एवढा अरुंद. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले मजूर त्याखाली गेले.

मालाइतकीच माणसांची वाहतूक महत्त्वाची आहे. सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली भागांत खानदेशी कुटुंबांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. यंत्रमाग, साडी बाजार आणि हिरे घासण्याच्या कामाने दोन-तीन पिढ्या तिकडे नेल्या. लग्नसराईत, अखाजीला आणि दिवाळीला नवापूर-साक्री मार्गावरच्या खासगी बसगाड्या भरभरून येतात. मुंबई-पुण्याला खानदेशी माणूस नोकरीसाठी जातो. सुरत मात्र त्याला घरच्यासारखी वाटते, कारण तिथल्या गल्लीतही अहिराणी कानावर पडते. शासनाच्या वाहतूक गणतीत या प्रवाशांचा हिशेब ‘बस’ एवढ्या एका रकान्यात संपतो.

खानदेशात रस्ता टिकवणे अवघड का, याचे उत्तर जमिनीत आहे. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर सरळ खडी अंथरून डांबर टाकले, तर दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात आणि कडा खचतात. म्हणून आधी काळी माती ठरावीक खोलीपर्यंत काढावी लागते. मग मुरुमाचा भराव थराथराने दाबावा लागतो आणि बाजूने पाणी मुरू नये म्हणून गटारे काढावी लागतात. मुरूम जवळपास मिळेनासा झाला की खर्च वाढतो आणि भरावात काटकसर होते. रस्ता ‘केला तरी टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच काटकसर असते. काँक्रीटचा रस्ता जास्त टिकतो, पण त्याचाही पाया त्याच मातीवर असतो. पाया नीट दाबला नाही, तर काँक्रीटच्या लाद्यांनाही तडे जातात आणि ते दुरुस्त करणे डांबरापेक्षा महाग पडते.

दोन महामार्गांच्या चौपदरीकरणाची तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. धुळ्यापासून मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंतचा, सुमारे ९० किलोमीटरचा आग्रा रोड आणि धुळ्याखालचा पिंपळगावपर्यंतचा भाग २०१० च्या आगेमागे काही वर्षांत चौपदरी झाला. मुंबई-इंदूर वाहतूक मोठी, त्यामुळे टोलची खात्री होती आणि बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीने ठेकेदार पुढे आले. सहा नंबरचे तसे झाले नाही. २०१२ च्या सुमारास अमरावती ते गुजरात हद्द हे काम मोठ्या तुकड्यांत एका बड्या कंपनीला दिले गेले. भूसंपादन पुरे झाले नाही आणि करार मोडला. मग नवे तुकडे पडले: अमरावती-चिखली, चिखली-तरसोद (सुमारे ६३ किमी), तरसोद-फागणे (सुमारे ८७ किमी) आणि फागणे ते गुजरात हद्द (सुमारे १४० किमी). मधल्या दोन तुकड्यांसाठी हायब्रीड ॲन्युइटी पद्धत घेतली गेली. तिच्यात बांधकामाच्या काळात खर्चाचे ४० टक्के सरकार देते आणि उरलेले ठेकेदाराला पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी मिळतात. टोल कमी मिळण्याचा धोका ठेकेदारावर राहत नाही. टोकांचे दोन तुकडे ज्या समूहाकडे होते, तो २०१८ मध्ये कर्जसंकटात कोसळला आणि तिथली कामे पुन्हा थांबली.

भूसंपादनातही बदल झाला. १ जानेवारी २०१५ पासून महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीला २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला लागू झाला. ज्यांची जमीन आधी गेली आणि ज्यांची नंतर गेली, त्यांच्या रकमांत मोठी तफावत पडली. एकाच शिवारात बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळे दर, यावरून लवादाकडे दावे गेले. चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी कडुनिंबाची आणि चिंचेची झाडेही गेली. पारोळा-एरंडोल पट्ट्यात उन्हाळ्यात ज्या सावलीखाली बैलगाड्या सुटत, ती आता नाही. नव्या झाडांची मुळे धरायला इथला उन्हाळा फार कठोर आहे.

याच महामार्गाच्या विदर्भातल्या भागावर, अमरावती-अकोल्यादरम्यान, जून २०२२ मध्ये एका ठेकेदार कंपनीने पाच दिवसांत सलग ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका डांबरी केली आणि गिनीज बुकात नोंद मिळवली. त्याच सुमारास जळगाव-धुळे दरम्यानचे प्रवासी खड्ड्यांतून आणि अर्धवट वळवलेल्या रस्त्यावरून जात होते. डांबर पसरायला पाच दिवस पुरतात, त्याआधीची जमीन, करार आणि भराव यांना पंधरा वर्षे लागतात.

रस्त्याचा सर्वांत कठीण तुकडा जळगाव शहरातला आहे. शहर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वाढले. खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली आणि औद्योगिक वसाहत या सगळ्या ठिकाणी शाळेला जाणारी सायकल आणि कोलकात्याला निघालेला कंटेनर एकाच पट्ट्यात असत. अपघात वाढत गेले तशी समांतर रस्त्यांची मागणी वाढली. त्यासाठी मोर्चे, रास्ता रोको आणि उपोषणे झाली. काही चौकांत भुयारी मार्ग आणि वर्तुळे झाली, पण शहराच्या मध्यातून लांब पल्ल्याची वाहतूक जाणे हे मूळ दुखणे त्याने मिटत नाही. त्यावरचा उपाय म्हणून पाळधी ते तरसोद हा वळणरस्ता आखला गेला. तो उत्तरेकडून आव्हाणे, ममुराबाद, आसोदा या गावांच्या शिवारांतून जातो. आसोदा हे बहिणाबाईंचे माहेर.

आग्रा रोडचे दुखणे वेगळे आहे. बिजासन घाट उतरताना अवजड गाड्यांचे ब्रेक तापून निकामी होतात. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरजवळ असाच एक कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि दहा जण ठार झाले. चौपदरीकरणाने गती वाढली, उतार तेवढाच राहिला. दक्षिणेकडे औट्रम घाटात याच्या उलट घडले. ऑगस्ट २०२१ च्या अखेरच्या अतिवृष्टीत दरडी कोसळून तो बंद पडला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना तिथे बंदी झाली. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग कागदावर अखंड असताना ट्रकांना नांदगावकडून किंवा जळगावकडून वळसा घ्यावा लागू लागला. बोगद्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे काँक्रीटीकरणही असेच रेंगाळले. जगभरचे पर्यटक लेणी पाहायला येतात त्या रस्त्याबाबतची ही दिरंगाई समर्थन करण्यासारखी नाही.

सहा नंबरचे काम रखडले त्या काळात आसपासचे चित्र बदलले. ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तो बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिकमार्गे जातो. खानदेशचा एकही तालुका त्यावर नाही. १९५६ च्या कायद्यात मुंबईकडून पूर्वेला जाण्यासाठी धुळ्याचे जे वळण धरले होते, त्याची गरज नागपूरच्या गाड्यांपुरती बरीच कमी झाली. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग गुजरातेतून जातो, त्यामुळे उत्तरेकडच्या काही वाहतुकीसाठी आग्रा रोडलाही पर्याय तयार होत आहे. दुसरीकडे, २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला १८,०३६ कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा तो आग्रा रोडच्या बरोबरीने जाणार आहे. १८६०च्या दशकात मुख्य लोहमार्गाने टाळलेले धुळे त्यामुळे प्रथमच लांब पल्ल्याच्या मुख्य लोहमार्गावर येईल.

खानदेशात रस्ते प्रत्येक वेळी पलीकडच्या कोणासाठी तरी झाले. आधी बऱ्हाणपूरच्या दरबारासाठी, मग लँकेशायरच्या गिरण्यांसाठी आणि शेवटी हजिऱ्याच्या बंदरासाठी. आता पलीकडच्या काही गाड्यांना दुसऱ्या वाटा मिळाल्या आहेत. त्यामुळे सहा नंबरवर शिल्लक राहणारी वाहतूक पूर्वीपेक्षा अधिक खानदेशचीच असणार आहे: सुरतेची बस, जिनिंगकडे निघालेली कपाशी, विद्यापीठात जाणारे विद्यार्थी, बाजार समितीचे टेम्पो. त्यांना लागतात ते गावागावांपाशी सेवारस्ते, ओलांडायला भुयारी मार्ग, रात्री दिसतील असे दिवे आणि तापीच्या उत्तरेला केळीपट्ट्यातला रुंद रस्ता. चौपदरीकरणाच्या हिशेबात ही कामे आजवर शेवटच्या रकान्यात राहिली. पुढच्या निविदांत ती पहिल्या रकान्यात यायला हवीत.